आइसलँड पहिल्यांदा पाहताना: वारा, उजेड आणि अंतर यांचा हिशेब

आइसलँडला जायचे ठरले की घरातील प्रत्येकजण पहिला प्रश्न थंडीचा विचारतो आणि मग आठवडाभर जाड जाकिटांची खरेदी चालते. प्रत्यक्षात रेक्याविक या राजधानीत जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते, कारण अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाह या बेटाजवळून जातो. आपले लेह त्या महिन्यात याहून कितीतरी अधिक गारठलेले असते. नवख्या प्रवाशाला आइसलँडमध्ये खरा जड जातो तो वारा, आणि त्याच्या जोडीला दिवसाच्या उजेडाचे मोजके तास आणि नकाशावर लहान दिसणारी पण रस्त्यावर लांबत जाणारी अंतरे. माझी पहिली सहल डिसेंबरात झाली आणि दुसरी सप्टेंबरच्या अखेरीस. पहिल्या वेळी ठरवलेल्या ठिकाणांपैकी निम्मी राहून गेली, कारण तयारी केली होती ती फक्त थंडीची.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रातून प्रथमच जाणाऱ्या आणि स्वतः गाडी चालवून आठवडाभरात बेटाचा दक्षिण किनारा पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशासाठी आहे. संपूर्ण बेटाला वळसा घालणारा रिंग रोड सुमारे १,३०० किलोमीटरचा असल्याने तोही आठवड्यात उरकता येईल असे वाटते, परंतु पहिल्या खेपेस तो मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण किनाऱ्यावरच धबधबे, हिमनद्या, काळी वाळू आणि ज्वालामुखीची पठारे एका ओळीत भेटतात, आणि त्यांच्यापाशी थांबायला वेळ लागतो.

पहिली पायरी: महिना ठरवणे

रेक्याविक ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य सकाळी सव्वाअकरानंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाचे जेमतेम चार तास हाती लागतात. २१ जूनच्या सुमारास सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळून तीन वाजण्याच्या सुमारास पुन्हा वर येतो आणि मधल्या वेळातही अंधार पडत नाही. जून-जुलैत फिरण्याला उजेडाची मर्यादा नसते, पण गर्दी आणि मुक्कामाचे दर दोन्ही चढे असतात आणि ध्रुवीय प्रकाश, ज्याला आपण सर्रास नॉर्दर्न लाइट्स म्हणतो, तो दिसण्याचा प्रश्नच येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्र मोठी असली तरी दिवसभरात एक, फार तर दोन ठिकाणे पाहून होतात.

म्हणून पहिल्या सहलीसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा मार्च महिना निवडावा. या दोन्ही काळांत दिवस आणि रात्र साधारण सारखी असते, त्यामुळे दिवसा प्रवास होतो आणि रात्री आकाश पाहता येते. शिवाय विषुवदिनाच्या आसपास सूर्याकडून येणाऱ्या कणांचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी संयोग अधिक सहज होत असल्याने ध्रुवीय प्रकाशाची शक्यताही थोडी वाढते. सप्टेंबरात रस्ते बहुधा मोकळे असतात आणि डोंगरउतारांवर गवत व झुडपे तांबूस-पिवळी झालेली असतात. मार्चमध्ये बर्फ असतो आणि हिमनदीतील निळ्या बर्फगुहा पाहता येतात, पण रस्ते निसरडे असू शकतात. ज्याने बर्फावर कधीच गाडी चालवलेली नाही, त्याने सप्टेंबर घ्यावा. पफिन हा रंगीत चोचीचा पक्षी पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर मात्र मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतच जावे लागेल, कारण त्यानंतर तो समुद्रावर निघून जातो.

दुसरी पायरी: व्हिसा, तिकीट आणि विमा

आइसलँड युरोपीय संघात नसले तरी २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकास शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. परंतु उन्हाळ्यात अर्जासाठी वेळ मिळणेच कठीण होते, म्हणून अडीच-तीन महिने हाती ठेवणे शहाणपणाचे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि अर्ज केंद्राचा आकार त्याव्यतिरिक्त. प्रवास विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. आइसलँडबरोबर आणखी एखादा शेंगेन देश पाहणार असाल, तर जिथे अधिक रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा.

भारतातून थेट विमान नसल्याने युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलावे लागते. फ्रँकफर्ट, कोपनहेगन किंवा हेलसिंकी यांसारख्या शेंगेन विमानतळावर बदलल्यास प्रवेशाची तपासणी तिथेच होते आणि पुढचे विमान देशांतर्गत असल्यासारखे मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून या तपासणीत बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत लागू होऊ लागली असल्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तासांचे अंतर ठेवावे. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसले, तरी शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही हे लक्षात घेऊन तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकीट काढण्यापूर्वीच तपासावेत.

खाण्याचे सामान भरताना एक नियम पाळावा लागतो. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, बर्फी घरीच राहू द्यावेत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, फोडणी घातलेले कोरडे पोहे यांना अडचण येत नाही आणि स्वयंपाकघर असलेल्या मुक्कामात त्यांचा मोठा आधार होतो, कारण उपाहारगृहांतील जेवण फार महाग आहे. गुलाबी डुकराचे चित्र असलेल्या बोनस या स्वस्त किराणा दुकानांतून ब्रेड, भाज्या, फळे आणि स्कीर हा दह्यासारखा घट्ट पदार्थ घ्यावा. ही दुकाने सकाळी उशिरा उघडतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीची शिदोरी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवावी. पाणी विकत घेण्याची मुळीच गरज नाही. नळाचे थंड पाणी उत्तम असते. गरम नळाच्या पाण्याला अनेक ठिकाणी गंधकाचा, म्हणजे काहीसा उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो, कारण ते भूगर्भातील उष्णतेतून आलेले असते. त्याने अंघोळ निर्धास्त करावी, पण प्यायला थंड नळ सोडून थोडे पाणी वाहू द्यावे आणि मग बाटली भरावी.

तिसरी पायरी: कपडे, आणि वाऱ्याचा आकडा वाचायला शिकणे

आइसलँडच्या हवामान अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंद या मापात देतात. या आकड्याला ३.६ ने गुणले की आपल्या ओळखीचे किलोमीटर प्रति तास मिळतात. अंदाजात १५ लिहिले असेल तर ते ५४ किलोमीटर होतात, आणि तापमान शून्य अंश असताना अशा वाऱ्यात उघड्या त्वचेला उणे आठ अंशांसारखा गारवा जाणवतो. २५ म्हणजे ताशी ९० किलोमीटर, ज्यात माणसाला सरळ उभे राहणे कठीण जाते.

म्हणूनच एक जाड जाकीट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा चांगल्या कृत्रिम धाग्याचा थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी दोन्ही अडवणारे टोपीचे जाकीट आणि तशीच पँट. सर्वाधिक पैसे या बाहेरच्या थरावर खर्च करावेत. सुती बनियन आणि जीन्स टाळावी, कारण धबधब्याच्या तुषारांनी ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. छत्री नेऊ नये. पहिल्याच वाऱ्यात तिच्या काड्या उलट्या होतात. बुटांचे तळवे खोल खाचांचे असावेत. ऑक्टोबर ते एप्रिलदरम्यान जाणार असाल, तर बुटांवर चढवायची लहान काट्यांची रबरी जाळी अवश्य न्यावी, कारण धबधब्यांजवळच्या पायवाटांवर काचेसारखा पातळ बर्फ जमतो. हातमोजे दोन पदरी घ्यावेत: आत बोटांना मोबाइल चालवता येईल असे पातळ आणि वर वारारोधक. स्वेटर इथून नेला नाही तरी चालेल. गळ्याभोवती गोल नक्षी असलेला तिथला लोकरी स्वेटर, लोपापेइसा, तिथेच घ्यावा. महाग असतो, पण तिथल्या मेंढीच्या लोकरीत बाहेरचे लांब धागे पाणी अडवतात आणि आतले मऊ धागे ऊब धरतात, त्यामुळे त्या हवेत त्याच्यासारखे दुसरे वस्त्र नाही.

चौथी पायरी: गाडी

आपले वाहन परवान्याचे स्मार्ट कार्ड इंग्रजी लिपीत असले, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. त्याची मुदत एक वर्षाची असते. गाडी भाड्याने घेताना चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड आणि त्याचा चार अंकी पिन लागतो. पेट्रोल पंपांवर बहुतेक ठिकाणी माणूस नसतो आणि पिनशिवाय यंत्र पेट्रोल देत नाही, म्हणून निघण्यापूर्वी बँकेकडून परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावेत आणि पिन पाठ असावा.

तिथे वाहने उजवीकडून चालतात आणि चालकाची जागा डावीकडे असते. गिअर उजव्या हाताने टाकण्याचा गोंधळ टाळण्यासाठी ऑटोमॅटिक गाडी घ्यावी. दोन मार्गिकांच्या चौकवर्तुळात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, आतल्या मार्गिकेतील वाहनाला बाहेर पडण्याचा आधी हक्क असतो. हा नियम बाहेरच्या प्रवाशांना सहसा ठाऊक नसतो आणि रेक्याविकच्या वेशीवरच त्याची गरज पडते. डांबरी महामार्गावर वेगमर्यादा ९०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि वस्तीत ५० किलोमीटर आहे. दिवे दिवसाही लावलेले असावे लागतात. दक्षिण किनाऱ्यावर अनेक एकपदरी पूल आहेत. तिथे जे वाहन पुलाच्या अधिक जवळ आहे त्याने आधी जावे असा प्रघात आहे, पण वेग कमी करून समोरच्याचा अंदाज घेणेच बरे. एफ या अक्षराने सुरू होणारे अंतर्भागातील डोंगरी रस्ते केवळ उन्हाळ्यात उघडतात आणि त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच न्यावी लागते. पहिल्या सहलीत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

विम्यात खडीने काच व रंग खराब होण्याचे संरक्षण घ्यावे. वाळू व राखेचे संरक्षण दक्षिणेकडील वाळूच्या मैदानांवर उपयोगी पडते, कारण जोराच्या वाऱ्यात वाळू गाडीचा रंग अक्षरशः खरवडून काढते. मात्र वाऱ्याने दार उलटे वळणे हे नुकसान बहुतेक विम्यांत धरलेले नसते, आणि ते कसे होते हे मी अनुभवले आहे. डिसेंबरात सेल्यालँड्सफॉस या धबधब्याच्या वाहनतळावर मी वाऱ्याकडे पाठ करून गाडी उभी केली आणि नेहमीच्या सवयीने एका हाताने दार लोटले. मुठीतून दार निसटले, पुढच्या पत्र्यावर आपटले आणि बिजागरी वाकली. त्यानंतर दार तीन बोटे उघडेच राहत होते. पट्ट्याने ते आतून बांधून, फटीतून येणारा वारा कानावर घेत आम्ही सव्वाशे किलोमीटर परत आलो, दुरुस्तीचा सगळा खर्च खिशातून गेला आणि सहलीचे दोन दिवस बुडाले.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. गाडी उभी करताना आधी आजूबाजूचे गवत किंवा झेंडे कुठे झुकले आहेत ते पाहून गाडीचे नाक वारा ज्या बाजूने येतो आहे त्या बाजूला करावे. एकाच वेळी दोन दारे उघडू नयेत. दार उघडताना एक हात आतल्या मुठीवर आणि दुसरा दाराच्या कडेवर ठेवावा, पाय जमिनीवर टेकेपर्यंत हात सोडू नये, आणि मुलांची दारे मोठ्या माणसाने बाहेरून उघडावीत.

नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत टायरना खिळे लावण्याची परवानगी असते. त्या काळात गाडी घेताना खिळ्यांचे टायर मागून घ्यावेत.

पाचवी पायरी: सात दिवसांची वाट

केफ्लाविक विमानतळ रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटरवर रेक्यानेस द्वीपकल्पावर आहे. याच द्वीपकल्पावर २०२१ पासून वारंवार ज्वालामुखीचे उद्रेक होत आले आहेत आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक हे मासेमारीचे गाव रिकामे करावे लागले. हे उद्रेक भेगांतून लाव्हा वाहण्याच्या प्रकारचे असल्याने विमानसेवा सहसा चालू राहते, पण जवळचे रस्ते आणि ब्लू लगून हे स्नानस्थळ अल्प सूचनेवर बंद होते, त्यामुळे त्याचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे.

पहिला दिवस रेक्याविकमध्ये विश्रांतीचा ठेवावा. दहा-बारा तासांच्या विमानप्रवासानंतर उलट बाजूच्या रस्त्यावर लगेच गाडी काढणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या दिवशी थिंगवेट्लिर, गेइसिर आणि गुट्लफॉस ही तीन ठिकाणे पाहावीत. आइसलँडी नावांत जोड ‘एल’ आला की त्याचा उच्चार बहुधा ‘ट्ल’ असा होतो, हे एकदा कळले की स्थानिक माणसाशी बोलणे सोपे जाते. नावांचे शेवटचे तुकडेही ओळखून ठेवावेत: ‘फॉस’ म्हणजे धबधबा, ‘योकुल’ म्हणजे हिमनदी, ‘विक’ म्हणजे लहान खाडी, ‘सांदुर’ म्हणजे वाळूचे मैदान. आपल्याकडे गावाच्या नावात ‘वाडी’ किंवा ‘खिंड’ दिसली की जागेचा अंदाज येतो, तसेच हे आहे.

थिंगवेट्लिर येथे इ.स. ९३० पासून आल्थिंग ही लोकसभा उघड्यावर भरत असे, आणि १७ जून १९४४ रोजी आइसलँडचे प्रजासत्ताकही तिथेच जाहीर झाले. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट जिथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने दूर सरकत आहेत, त्या भेगेच्या कड्यालगत आपण चालत जातो. गेइसिर हे त्या उसळत्या उष्ण झऱ्याचे नाव असून, आपल्या न्हाणीघरातला गिझर हा शब्द त्यावरूनच आला आहे. मूळ गेइसिर आता क्वचितच उसळतो, परंतु शेजारचा स्ट्रॉक्कुर दर सहा ते दहा मिनिटांनी पाणी फेकतो. पाण्याचा फवारा फुटण्याच्या क्षणभर आधी झऱ्याच्या तोंडावर निळसर पाण्याचा गुळगुळीत घुमट फुगून येतो. पहिल्या वेळी सर्वांचे लक्ष फवाऱ्याकडे जाते. म्हणून दोन-तीन वेळा थांबून तो घुमट पाहावा, वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहून. तिथल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नये, पाणी उकळते असते. पुढे दहा किलोमीटरवर गुट्लफॉस दोन टप्प्यांत एकूण ३२ मीटर कोसळतो.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याने पूर्वेकडे निघावे. सेल्यालँड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही धबधबे सुमारे साठ मीटर उंचीचे असून त्यांच्यात तीस किलोमीटरचे अंतर आहे. पहिल्याच्या पाठीमागून चालत जाता येते. तिथे पाण्याने पूर्ण भिजायला होते, म्हणून बाहेरचा थर आधीच चढवावा. पायवाट गोठलेली असेल तेव्हा ती बंद करतात आणि साखळी ओलांडून कोणीही जाऊ नये. मुक्काम विक या गावी करावा. विकच्या वर मिर्दालसयोकुल या हिमटोपीखाली कात्ला हा ज्वालामुखी आहे, ज्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला. टेकडीवरच्या चर्चकडे जाण्याची आणीबाणीची वाट गावातील सर्वांना ठाऊक असते. मुक्कामाच्या जागी लावलेली ती सूचना पाहुण्यानेही वाचून घ्यावी.

विकजवळचा रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा सर्वाधिक सावधगिरीने पाहायची जागा आहे. समोर दक्षिणेकडे अंटार्क्टिकापर्यंत जवळजवळ काहीच जमीन आडवी येत नसल्याने लाटा फार लांबून बळ घेऊन येतात, आणि किनाऱ्यालगतच तळ एकदम खोल होत असल्यामुळे त्या मोडून शांत होत नाहीत. चार-पाच साध्या लाटांनंतर एक लाट अचानक तीस-चाळीस मीटर आत चढते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. कोकणच्या किनाऱ्यावर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहण्याची आपली सवय इथे जीवघेणी ठरते, आणि इथे पर्यटकांनी प्राण गमावले आहेत. वाहनतळाजवळच्या सूचनादिव्याचा रंग पाहावा, ओल्या वाळूच्या रेषेपासून बरेच मागे राहावे, समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये आणि मुलांचा हात सोडू नये.

त्याच किनाऱ्यावरचे षट्कोनी दगडी खांब पाहताना सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओळखीची खूण पटते. लाव्हा सावकाश थंड होताना आकसून असे खांब तयार होतात, आणि मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल याच प्रक्रियेतून बनली आहे. फरक वयाचा आहे: आपला दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर आइसलँडचा सर्वांत जुना उघडा खडकही सुमारे दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. जे आपल्याकडे कधीच थंड होऊन किल्ल्यांच्या पायाखाली गेले, ते तिथे अजून घडते आहे. हा विचार मनात ठेवून तो किनारा पाहिला, तर तिथला वेळ वेगळाच जातो.

चौथ्या दिवशी विकहून योकुल्सार्लोन या सरोवरापर्यंत सुमारे १९० किलोमीटर जायचे आहे. रस्ता एल्डरॉइन या लाव्हाच्या पठारातून जातो, जिथे मैलोन्‌मैल काळ्या दगडांवर राखाडी-हिरव्या शेवाळाची जाड गादी पसरली आहे. १७८३-८४ च्या लाकी उद्रेकातून हा लाव्हा वाहिला. त्यानंतरच्या दुष्काळात देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या दगावली. हे शेवाळ एका पावलाने फाटते आणि भरून यायला कित्येक दशके लागतात. छायाचित्रासाठी त्यावर चढू नये. रस्ता सोडून गाडी आत घालणे तर संपूर्ण देशात बेकायदा आहे आणि त्यासाठी जबर दंड होतो.

पुढे स्काफ्ताफेल येथे दीड-दोन किलोमीटरची चढण चढून स्वार्तिफॉस पाहावा, ज्याच्या लोंबत्या काळ्या खांबांची छाया रेक्याविकच्या हाट्लग्रिम्सकिर्क्या या चर्चच्या रचनेत दिसते. हा सारा परिसर वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात येतो, जे २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वात्नायोकुल ही एकटी हिमटोपी देशाचा सुमारे आठ टक्के भाग व्यापते. हिमनदीवर चालायचे किंवा बर्फगुहेत जायचे असेल, तर प्रशिक्षित वाटाड्यासोबतच जावे, आणि उन्हाळ्यात बर्फगुहेत नेतो असे कोणी म्हटले तरी जाऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये याच भागात बर्फाचा भाग कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता.

योकुल्सार्लोन या सरोवरासाठी दोन-तीन तास मोकळे ठेवावेत. हिमनदीच्या टोकाकडून तुटलेले हिमनग आधी सरोवरात तरंगतात, मग पुलाखालच्या चिंचोळ्या प्रवाहातून समुद्रात जातात आणि भरती-ओहोटीबरोबर समोरच्या काळ्या वाळूवर येऊन पडतात. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बर्फाचे तुकडे अधिक सापडतात. काही दुधी, काही गडद निळे असतात. हवेचे बुडबुडे दाबून निघून गेलेला जुना घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषतो आणि निळा सोडतो, म्हणून तो तसा दिसतो. पुलाजवळ बसून पाहिले तर सील हे समुद्री प्राणीही दिसतात.

पाचवा आणि सहावा हे दिवस परतीचे आणि सातवा राखीव. तो राखीव दिवस कशासाठी ते पुढे येते.

सहावी पायरी: रोज सकाळचे पंधरा मिनिटांचे काम

गाडी सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आइसलँडच्या हवामान खात्याचा अंदाज आणि त्यातील इशारे. ते पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चढत्या क्रमाने असतात. दुसरी, रस्ते विभागाचा नकाशा, ज्यावर हिरवा रस्ता मोकळा आणि लाल रस्ता बंद असतो. तिसरी, सेफट्रॅव्हल हे सुरक्षित प्रवासाचे संकेतस्थळ, ज्यावर आपला प्रवासाचा बेतही नोंदवता येतो. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर गाडी काढू नये. पिवळा असेल तर अंदाजातील वाऱ्याचे झोत पाहावेत. ते २० मीटर प्रति सेकंदांवर असतील तर लहान गाडीनेही थांबावे आणि उंच कॅम्पर व्हॅन असेल तर १५ वरच थांबावे. दुपारी वारा पडणार असेल, तर सकाळचा वेळ गावातल्या पोहण्याच्या तलावात घालवावा. जवळजवळ प्रत्येक गावात उघड्यावर गरम पाण्याचा तलाव असतो आणि तो तिथल्या लोकांचा चव्हाटाच असतो; पाण्यात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने स्वच्छ अंघोळ करणे मात्र सक्तीचे आहे, कारण तलावाच्या पाण्यात क्लोरीन कमी ठेवलेले असते. संकोच वाटला तरी तो नियम मनापासून पाळावा.

सप्टेंबर-मार्चमध्ये एका दिवसात दोनशे किलोमीटरहून अधिक आणि डिसेंबर-जानेवारीत सव्वाशेहून अधिक अंतर ठरवू नये. पेट्रोल अर्ध्यावर आले की भरून घ्यावे. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे आणि त्याच नावाचे ॲप आपले ठिकाण मदत पथकाला कळवते. डोंगरात आणि किनाऱ्यावर शोध घेणारी ही पथके स्वयंसेवकांची असतात. आपल्या हट्टापायी त्यांना वादळात बाहेर पडावे लागू नये, एवढे भान प्रत्येक पाहुण्याने ठेवले पाहिजे.

सातवी पायरी: रात्रीचे आकाश

ध्रुवीय प्रकाशासाठी अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याची सक्रियता ही तीनही हवीत, आणि त्यांपैकी निरभ्र आकाश सर्वांत दुर्मिळ. हवामान खात्याच्या ढगांच्या नकाशावर पांढरा भाग निरभ्र आणि हिरवा भाग ढगाळ असतो. कोपऱ्यातल्या, प्रकाशाचा जोर सांगणाऱ्या शून्य ते नऊच्या आकड्याकडे त्यानंतर पाहावे. आकडा दोन असला तरी आकाश स्वच्छ असेल तर हिरवा पट्टा दिसू शकतो, आणि सात असूनही ढग असतील तर काहीच दिसत नाही. हा हिरवा रंग शंभर किलोमीटरहून उंचावरील प्राणवायूच्या अणूंमधून येतो. सुरुवातीला तो फिकट ढगासारखा भासतो. मोबाइलचा रात्रीचा पर्याय लावून तीन सेकंदांचे छायाचित्र काढले की ढग आहे की प्रकाश हे लगेच कळते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे द्यावीत. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवू नये, नेमलेल्या वाहनतळावरच दिवे मालवून उभी करावी. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा. माझ्या सप्टेंबरच्या सात रात्रींपैकी दोनच रात्री प्रकाश दिसला, आणि तेवढ्याची अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

आठवी पायरी: राखीव दिवस

विमानाच्या आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत रेक्याविकला परतलेले असावे, आणि त्याच्याही आधीचा एक दिवस बेतात कोरा ठेवावा. विकच्या पूर्वेकडील वाळूची मैदाने आणि डोंगराच्या कुशीतले रस्ते वादळात बारा-बारा तास बंद राहतात आणि त्यांना दुसरी वाट नाही. वारा आडवा आला नाही तर तो कोरा दिवस स्नाइफेट्लस्नेस द्वीपकल्पासाठी किंवा रेक्याविकच्या एखाद्या तलावासाठी वापरता येतो. गाडी परत करण्यापूर्वी टाकी भरावी, चारही बाजूंची आणि काचेची छायाचित्रे तारखेसह काढावीत, आणि वाहनतळांचे शुल्क राहिलेले नाही ना ते शुल्क भरण्याच्या ॲपवर पाहावे. अनेक ठिकाणी शुल्कासाठी फाटक नसते, केवळ क्रमांकपाटी टिपणारा कॅमेरा असतो, आणि राहिलेली रक्कम दंडासह नंतर कार्डावर येते.